परवलीचा शब्द विसरल्यानंतर

(तळेगाव दाभाडे येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी लहान आहे. संगणकावर पूर्वी नोंदवून ठेवलेला, पण आता आठवत नसलेला स्वतःचाच पासवर्ड परत कसा मिळवावा, एवढाच तो विषय. घरच्या संगणकापुरते पाहिले तर ही एका माणसाची गैरसोय होय. परंतु ज्या कार्यालयात दाखल्यांचे अर्ज संगणकावर येतात, ज्या शाळेत विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर भरल्या जातात आणि ज्या ग्रामपंचायतीचा पैसा संगणकावरूनच खर्ची पडतो, तेथे एकाच्या विस्मरणामुळे अनेकांचे काम अडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला प्राप्त झाला आहे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या नागरिकाला ‘पासवर्ड आठवत नाही’ असे उत्तर देणे कोणत्याही कार्यालयास शोभणारे नाही.

आपल्या तळेगाव परिसरात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. सेनापती दाभाडे यांचे हे गाव पुढे पैसा फंडाच्या काच कारखान्यामुळे महाराष्ट्रभर ओळखले गेले. आज ते चाकण आणि तळेगाव येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात आहे. दूरदूरचे कामगार येथे येतात, भाड्याच्या घरात राहतात, एक कंपनी सोडून दुसरीत जातात आणि या धावपळीत मोबाइलचा क्रमांकही बदलतात. पुढे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढण्याची वेळ आली म्हणजे खात्याचा पासवर्ड आठवत नाही आणि ज्या क्रमांकावर ओटीपी यावयाचा तो क्रमांक केव्हाच बंद झालेला असतो. असा मनुष्य सल्ल्यासाठी कोणाकडे जातो? तो शाळेतील गुरुजींकडे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा ओळखीच्या एखाद्या कर्मचाऱ्याकडे जातो. म्हणून ही माहिती आपल्यासाठी जितकी आवश्यक आहे, तितकीच आपल्याकडे येणाऱ्यांसाठीही आहे.

परवलीचा शब्द : जुना आणि नवा

पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ असा जुना आणि नेमका प्रतिशब्द आहे. रात्रीच्या वेळी पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारावे आणि येणाऱ्याने सांगावे असा तो शब्द. त्यावरून आपला कोण आणि परका कोण हे ठरत असे. मराठेशाहीतील कागदपत्रांवर आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे शिक्क्यावरून कळे आणि मजकूर कोठे संपला हे मोर्तबावरून कळे. आजचा पासवर्ड आणि आजची डिजिटल स्वाक्षरी ही याच जुन्या गरजेची नवी रूपे आहेत.

संगणकावर पासवर्डचा वापर सुरू झाला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, १९६१ च्या सुमारास. फर्नांडो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अशी एक व्यवस्था उभी राहिली की, एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. मात्र सर्वांचे शब्द एकाच यादीत, जसेच्या तसे, उघड लिहून ठेवलेले होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने ती यादीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये एका दोषामुळे संदेशाच्या जागी हीच यादी सर्वांच्या समोर उमटली. यातून संगणकशास्त्राने एक धडा घेतला, तो असा की गुप्त शब्द ज्याच्याकडे तपासला जातो त्याने तो शब्द मुळात जवळ ठेवूच नये.

न ठेवता तपासावयाचा कसा? आपल्या मावळातील उदाहरण घेऊ. इंद्रायणी तांदूळ गिरणीत घातला म्हणजे त्याचे पीठ होते. तोच तांदूळ, त्याच गिरणीत, त्याच रीतीने दळला तर तसेच पीठ मिळेल, परंतु पिठापासून पुन्हा तांदूळ करणे कोणालाही शक्य नाही. व्यवस्थित उभारलेले संकेतस्थळ आपल्या पासवर्डाचे असे ‘पीठ’ तेवढे जवळ ठेवते. आपण पुन्हा पासवर्ड लिहिला की तो दळला जातो आणि दोन पिठे ताडून पाहिली जातात. दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच असला तरी पीठ सारखे दिसू नये, म्हणून प्रत्येकाच्या दळणात निरनिराळी चिमूट टाकली जाते. शास्त्रज्ञांनी तिला ‘मीठ’ असेच नाव दिले आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या रीतीचे विवेचन आहे.

या विवेचनावरून व्यवहाराचा एक नियम निघतो. संकेतस्थळाचे अधिकारी आपला जुना पासवर्ड आपल्याला सांगू शकत नाहीत, कारण तो त्यांनाच ठाऊक नसतो. ते फक्त नवा पासवर्ड ठरवण्याची संधी देऊ शकतात. म्हणून एखाद्या संकेतस्थळाने आपला जुना पासवर्ड जसाच्या तसा कळवला, तर तेथील व्यवस्था सदोष आहे असे समजावे आणि तो पासवर्ड अन्यत्र कोठेही वापरू नये.

मग संगणकाला तो आठवतो कसा?

येथे आपल्यापैकी कोणी विचारील की, संकेतस्थळाला जर तो शब्द ठाऊक नाही, तर आपल्या टेबलावरचा संगणक तो आपोआप कसा भरतो? याचे उत्तर असे की, आपला ब्राउझर दळण करीत नाही. तो आपल्या वतीने संकेतस्थळासमोर शब्द उच्चारणारा सेवक आहे आणि सेवकाला शब्द पूर्णपणे ठाऊक असावा लागतो. म्हणून तो शब्द ब्राउझर एका कुलूपबंद पेटीत ठेवतो आणि हवा तेव्हा उघडून वाचतो. आपण पहिल्या वेळी पासवर्ड लिहिला तेव्हा ‘हा जतन करू का?’ असा प्रश्न आला असेल आणि आपण होकार दिला असेल, तर तो या पेटीत आहे. विसरलेला शब्द परत मिळण्याची आशा ती याच पेटीत. होकार दिलेला नसेल तर पेटी रिकामी आहे आणि नवा पासवर्ड ठरवणे हाच मार्ग उरतो.

विसरला आहे की चुकतो आहे?

शोध घेण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. आपल्या कार्यालयांतून मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही टंकलेखन एकाच संगणकावर चालते. पत्र लिहिताना कळफलक मराठीवर ठेवलेला असतो आणि पुढे त्याच स्थितीत पासवर्ड लिहिला जातो. पडद्यावर तर केवळ ठिपके दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. सबब पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह प्रथम पाहावे, मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली आहे काय ते पाहावे आणि चौकटीत डोळ्याचे चिन्ह असल्यास त्यावर टिचकी देऊन लिहिलेली अक्षरे वाचावीत. ‘विसरलेले’ कित्येक पासवर्ड एवढ्याने सापडतात. मात्र अंदाजाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत, कारण ठरावीक चुकांनंतर पुष्कळ ठिकाणी खातेच काही काळ बंद होते.

शोधण्याची रीत

गुगल क्रोम या ब्राउझरमध्ये उजव्या कोपऱ्यात वर तीन ठिपके असतात. त्यावर टिचकी दिल्यावर पासवर्ड आणि ऑटोफिल असा विभाग येतो आणि त्यात गुगल पासवर्ड मॅनेजर आढळतो. तेथे संकेतस्थळांची नावे क्रमाने दिसतात. हवे ते नाव निवडले की संगणक स्वतःच्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन विचारतो. तो बरोबर दिला म्हणजे डोळ्याच्या चिन्हाने जतन केलेला शब्द वाचता येतो. मायक्रोसॉफ्ट एज आणि फायरफॉक्स यांतही मेनूमध्ये किंवा सेटिंगमध्ये पासवर्डचा असाच विभाग आहे. अ‍ॅपलच्या संगणकावर हे काम कीचेन करते आणि २०२४ पासूनच्या नव्या आवृत्तीत त्यासाठी पासवर्ड्स नावाचे स्वतंत्र अ‍ॅप आहे.

संगणकात शोध लागला नाही, तर मोबाइल पाहावा. काम संगणकावर करावयाचे असले तरी पहिली नोंदणी मोबाइलवरून झालेली असणे शक्य आहे. तसे असेल तर शब्द मोबाइलच्या पासवर्ड विभागात राहिलेला असतो. कार्यालयात दोन ब्राउझर वापरले जात असतील, तर दोन्ही तपासावेत. एकाची पेटी दुसऱ्याला आपोआप उघडत नाही.

विंडोज या प्रणालीत कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर नावाचा आणखी एक विभाग असतो. काही वेळा जुन्या नोंदी तेथे आढळतात. कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड हवा असेल, तर ज्या संगणकावर वायफाय चालू आहे त्याच्याच सेटिंगमध्ये, वायफायच्या गुणधर्मांतील सुरक्षा या भागात, अक्षरे दाखवण्याची सोय असते. नवा संगणक आला म्हणून लगेच तंत्रज्ञाला बोलावण्याची आवश्यकता नाही.

आता एक महत्त्वाचा इशारा. ब्राउझरची ही पेटी विंडोजच्या खात्याशी बांधलेली असते. संगणकाचाच पासवर्ड आठवत नाही म्हणून कोणी तंत्रज्ञ येतो, बळाने नवा पासवर्ड बसवतो आणि संगणक सुरू करून देतो. संगणक तर सुरू होतो, पण जुन्या गुपिताने लावलेले कुलूप नव्या गुपिताने उघडत नाही आणि आतील नोंदी वाचण्याची सोय नाहीशी होऊ शकते. संगणक ‘फॉरमॅट’ केल्यावर तर पेटीच नष्ट होते. ब्राउझरच्या फाइली दुसऱ्या यंत्रावर नुसत्या उचलून नेल्यानेही काम भागत नाही. नोंदी गुगलच्या किंवा तत्सम खात्याशी जोडून ठेवल्या असतील, तर त्या खात्यात शिरल्यावर परत मिळतात. म्हणून दुरुस्तीला यंत्र देण्यापूर्वी आवश्यक पासवर्ड हाताशी आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. दुरुस्ती झाल्यावर ही खात्री करणे व्यर्थ आहे.

फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावून पेटीला आणखी एक कुलूप घालता येते. ती सोय उत्तम आहे. मात्र तो मुख्य शब्दच विसरला तर त्याला पर्यायी किल्ली नाही. तो रद्द करावा लागतो आणि त्याबरोबर जतन केलेले सर्व पासवर्ड पुसले जातात.

आपल्याला सोपे, तर दुसऱ्यालाही सोपे

मी सांगितलेली रीत अवघड नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. आपला पासवर्ड आपल्याला दोन मिनिटांत सापडतो, याचा अर्थ आपल्या खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्या कोणालाही तो दोन मिनिटांत सापडू शकतो. या दोहोंच्या मध्ये एकच भिंत उभी आहे, ती म्हणजे संगणकाच्या खात्याचा पासवर्ड. तो सर्वांना ठाऊक असेल किंवा मुळीच लावलेला नसेल, तर पेटीला कुलूप असून नसल्यासारखेच. जेवणाच्या सुट्टीत उठताना विंडोजची कळ आणि इंग्रजी ‘एल’ ही कळ एकत्र दाबली की पडदा बंद होतो. एवढी सवय प्रत्येक कर्मचाऱ्याने लावून घेतली तरी पुष्कळ कार्य साधेल. एक संगणक अनेकांनी वापरावयाचा असेल, तर त्यावर प्रत्येकाचे निराळे खाते उघडावे. झेरॉक्सच्या दुकानात किंवा शाळेच्या संगणक कक्षात पासवर्ड जतन करण्यास कधीही होकार देऊ नये.

दुसरी सावधगिरी फुकट मिळणाऱ्या साधनांबाबत. ‘विसरलेले पासवर्ड शोधून देतो’ असे सांगणाऱ्या अनेक आज्ञावली मिळतात. पेटी उघडून आतील सर्व काही वाचणे हेच त्यांचे काम असते, आणि चोरीसाठी बनवलेल्या आज्ञावलीही नेमके तेच काम करतात. एक आपल्याला दाखवते आणि दुसरी परक्याला पाठवते, एवढाच काय तो भेद. आणि तो बाहेरून ओळखू येत नाही. अशा चोऱ्यांना आळा बसावा म्हणून २०२४ मध्ये क्रोमने विंडोजवरील आपल्या पेटीच्या कुलपात आणखी सुधारणा केली. ब्राउझरमध्येच सोय उपलब्ध असताना अनोळखी साधन उतरवून घेणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला घरात घेणे होय.

पासवर्डांची यादी एका फाइलीत ‘निर्यात’ करण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. त्या फाइलीतील शब्द उघड अक्षरांत असतात, हे ध्यानात ठेवावे. काम झाल्याबरोबर ती फाइल नष्ट करावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.

येथे कायद्याची मर्यादाही सांगणे अगत्याचे आहे. आजच्या विषयातील ‘स्वतःचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क नंतरच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या कलमान्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सहकारी रजेवर आहे म्हणून त्याची पेटी उघडणे हा शोध नव्हे. तसेच फोनवरून ओटीपी विचारणाऱ्यास, तो कोणत्याही कार्यालयाचे नाव सांगो, ओटीपी देऊ नये. पैशाची फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

किल्ली कोणाची?

आता कार्यालयांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे पासवर्ड तीन प्रकारचे असतात. पहिला व्यक्तीचा, म्हणजे स्वतःच्या वेतनाचे किंवा भविष्यनिर्वाह निधीचे खाते. दुसरा पदाचा, म्हणजे मुख्याध्यापक या नात्याने मिळालेले शाळेचे खाते. तिसरा कार्यालयाचा, म्हणजे वायफाय, कार्यालयाचा ई-मेल आणि संगणकाचे व्यवस्थापन. हे तिन्ही एकाच डायरीत, एकाच माणसाच्या ताब्यात आणि एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडून ठेवले म्हणजे बदलीच्या दिवशी अनर्थ ओढवतो. मुख्याध्यापक निवृत्त होऊन गावी जातात, नवे मुख्याध्यापक खुर्चीवर बसतात आणि शाळेच्या खात्याचा ओटीपी मात्र निवृत्त गुरुजींच्या मोबाइलवर जात राहतो.

वस्तुतः शासनव्यवस्थेने हा प्रश्न लोखंडी तिजोऱ्यांच्या काळातच सोडवला होता. कोषागाराची तिजोरी दुहेरी कुलपात असते आणि एकट्या माणसाला ती उघडता येत नाही. तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या सीलबंद पाकिटात निराळ्या ठिकाणी ठेवण्याची प्रथा आहे. पदभार देताना किल्ल्या मोजून दिल्या जातात आणि तशी नोंद होते. किल्ली हरवू शकते, हे मान्य करूनच ही व्यवस्था आखलेली होती. विस्मरण हा मनुष्यस्वभाव आहे. त्यासाठी तरतूद करून ठेवणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

हीच प्रथा संगणकासही लागू करावी, अशी माझी सूचना आहे. वायफाय, संगणकाचे व्यवस्थापन आणि कार्यालयाचा ई-मेल यांचे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सीलबंद करून, तारीख व स्वाक्षरीसह कपाटात ठेवावे. वर्षातून एकदा ते उघडून, शब्द चालतात याची खातरजमा करून, नवे पाकीट करावे. पासवर्ड कागदावर लिहिणे हे पाप नव्हे. तो कागद कोठे ठेवतो हे महत्त्वाचे. अमेरिकेतील हवाई राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात २०१७ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात संगणकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरील पासवर्ड दिसत होता. जानेवारी २०१८ मध्ये तेथून क्षेपणास्त्राची चुकीची धोक्याची सूचना प्रसृत झाली. त्या चुकीचा चिठ्ठीशी संबंध नव्हता, परंतु जगाचे लक्ष तिकडे वळले आणि ती चिठ्ठी सर्व जगाने वाचली. आपल्या कार्यालयातील छायाचित्रे समूहांवर पाठवताना मागच्या भिंतीवर काय लिहिले आहे, हेही पाहत जावे.

पदाच्या खात्यांबाबत पदभार देण्याच्या कागदात एक रकाना वाढवावा. कोणती खाती आहेत, ती कोणत्या मोबाइल क्रमांकाशी व ई-मेलशी जोडलेली आहेत आणि ती नव्या अधिकाऱ्याच्या नावे केव्हा बदलली, एवढी नोंद त्यात असावी. पासवर्ड मात्र त्यात लिहू नये. नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःचा नवा पासवर्ड ठरवावा. शाळेच्या यूडायस प्लससारख्या खात्याचा पासवर्ड मिळेनासा झाल्यास तालुका स्तरावरून तो नव्याने करून घेण्याची सोय आहे. त्या मार्गानेच जावे आणि मागच्या मुख्याध्यापकांचा शब्द फोनवरून विचारून वर्षानुवर्षे वापरत राहू नये.

व्यक्तीचा पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरीचा पिन यांना मात्र सीलबंद पाकिटाचा नियम लागू नाही. ते ज्याचे त्यानेच सांभाळावयाचे.

ग्रामपंचायतीची स्वाक्षरी

ग्रामपंचायत सदस्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू झाले. वित्त आयोगाच्या निधीतून रक्कम अदा करताना तेथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी एका लहानशा टोकनमध्ये असते आणि ते टोकन पिनने उघडते. ठरावीक वेळा चुकीचा पिन दिला की टोकन बंद पडते. त्यातील स्वाक्षरीची प्रत काढून ठेवता येत नाही, अशी त्याची रचनाच आहे. बहुधा नवे प्रमाणपत्र घेऊन त्याची पुन्हा नोंदणी करावी लागते आणि तोपर्यंत पाणीपुरवठ्याच्या कामाचे देयकही थांबून राहते.

अशा कुलपापुढे तज्ज्ञाचेही काही चालत नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे राहणाऱ्या एका संगणकतज्ज्ञाने आपल्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली अशाच एका कुलूपबंद साधनात ठेवली होती आणि पासवर्डाचा कागद हरवला. दहा प्रयत्नांनंतर ते साधन कायमचे बंद होणार होते. २०२१ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपलेले होते. काही कुलुपे खरोखरच कोणासाठी उघडत नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

पिन विसरेल या भीतीपोटी काही ठिकाणी सरपंचांचे टोकन आणि पिन दोन्ही संगणक परिचालकाच्या खणात ठेवले जातात. काही ठिकाणी महिला सरपंचांचे टोकन घरातील पुरुषाच्या खिशात असते. यात सोय दिसते, पण दोन स्वाक्षऱ्यांची योजना ज्या हेतूने केली तो हेतूच त्यामुळे लोपतो. एकाच हाती दोन किल्ल्या गेल्या की दुहेरी कुलूप एकेरी होते. देयक चुकीचे निघाले तर ज्याची स्वाक्षरी त्याच्याकडेच जाब विचारला जाईल आणि ‘टोकन माझ्याजवळ नव्हते’ हा बचाव ऐकून घेणे कठीण होईल. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. जागा मिळाली आणि स्वाक्षरी दुसऱ्याने केली, तर मिळालेला अधिकार नावापुरताच राहील. १७३१ मध्ये त्र्यंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडल्यानंतर ज्या उमाबाई दाभाडे यांनी सेनापतिपदाचा कारभार सांभाळला, त्यांच्या गावी हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

नवा शब्द कसा असावा

जुना सापडला नाही तर नवा ठरवावा लागेल. गावाचे नाव आणि जन्मवर्ष, मुलाचे नाव आणि १२३, असे शब्द कोणीही ओळखतो. अक्षर, अंक आणि चिन्ह यांची अवघड खिचडी करून ती दर महिन्याला बदलावी, अशीही समजूत आहे. त्याचा परिणाम असा होतो की माणसे एकच शब्द अंक वाढवत वापरतात किंवा चिठ्ठी चिकटवतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शनात कारणाशिवाय सक्तीने पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धत सोडून दिली आणि लांबीवर भर दिला. आपली मराठी भाषा येथे उपयोगी पडते. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे मराठी शब्द, उदाहरणार्थ कंदील, भाकरी, पूल आणि चांदणे, रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले तर लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड तयार होतो. मी सांगितलेले हेच शब्द मात्र कोणी घेऊ नयेत. संकेतस्थळ अंक किंवा चिन्ह मागत असल्यास ते जोडावे. एका खात्याचा शब्द दुसऱ्या खात्यास लावू नये, आणि ई-मेलचा पासवर्ड तर सर्वांहून निराळा ठेवावा, कारण इतर सर्व खात्यांची पुन्हा मिळवण्याची वाट ई-मेलमधूनच जाते.

मित्रहो, समारोपादाखल तीन कामे सुचवतो, ती याच आठवड्यात करता येण्यासारखी आहेत. आपल्या महत्त्वाच्या खात्यांशी जोडलेला मोबाइल क्रमांक आज चालू आहे काय, हे तपासावे. कार्यालयाच्या संगणकाला पडदा बंद करण्याचे कुलूप लावावे आणि जागेवरून उठताना ते वापरावे. ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी पुढच्या मासिक सभेत एकच प्रश्न विचारावा : आपली टोकने आज कोणाच्या ताब्यात आहेत? या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळाले, तर ग्रामपंचायतीचा कारभार योग्य हाती आहे असे खुशाल समजावे. उत्तर देताना कोणी अडखळले, तर टोकन त्याच दिवशी ज्याचे त्याच्या हाती द्यावे.